मोठ्या साइटपेक्षा स्वस्त ड्रिल विकायच्या नादाला लागू नका



ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये टूल्सच्या धंद्यातलं कोणीतरी असतंच, आणि त्याचा प्रश्नही ठरलेला असतो. "सर, मी होलसेलला ज्या भावात ड्रिल मशीन उचलतो, त्यापेक्षा कमी रेटला तेच मशीन मोठ्या साइटवर घरपोच मिळतंय. मग मी ऑनलाइन विकायचं कसं?"

माझं उत्तर असतं, विकू नका. निदान ते मशीन तरी नका.

समोरच्याचा चेहरा पडतो. साहजिक आहे. मला कोणी हे सुरुवातीला सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं. ऑनलाइन विकायला लागलो तेव्हा मी सगळ्यात आधी ड्रिल मशीनच लावलं होतं. सगळे तेच शोधतात, म्हणून तेच लावायचं, एवढं साधं डोकं. सात-आठ महिने रोज पार्सलं जात होती. दुकानाबाहेर कुरियरची गाडी थांबली की छाती फुगायची. मग एका संध्याकाळी गल्ल्यावर बसलेल्या बाबांनी विचारलं, "एवढा माल जातोय, मग होलसेलवाल्याचं पेमेंट दोन महिने का थटलंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीबीए झालेला मुलगा आणि एका ऑर्डरचा हिशेब मी कधी कागदावर मांडलाच नव्हता. काउंटरवर मिळवलेला पैसा ऑनलाइनच्या भोकातून गळत होता आणि दुकान बाबांच्या घामाचं होतं.

त्या रात्री जो हिशेब केला, तो तुम्ही धंदा सुरू करायच्या आधी करा.

एका ड्रिलचा हिशेब

समजा, १३ मिलिमीटर चकचं ड्रिल मशीन तुम्हाला १,७०० रुपयांना पडलं आणि तुम्ही ते २,००० ला लावलं. दोन्ही आकडे जीएसटी वगळून आहेत, कारण तुम्ही रजिस्टर्ड असाल तर खरेदीवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर किंमत दिसणार २,३६०. तुमची वरवरची कमाई ३०० रुपये.

आता साइटचं कमिशन. ते साइटप्रमाणे आणि कॅटेगरीप्रमाणे बदलतं, म्हणून हे आकडे फक्त समजुतीसाठी घ्या. ८ टक्के धरू, आणि टॅक्ससकट किमतीवर धरू, म्हणजे १८९ रुपये. प्रत्येक ऑर्डरमागची ठरावीक फी ४०. अडीच किलोच्या पार्सलचं शिपिंग १३०. खोका, बबल रॅप, टेप मिळून ३५. बेरीज झाली ३९४. म्हणजे तुम्ही मशीन विकलंत आणि वर खिशातले ९४ रुपये घातलेत. यात पॅकिंग करणाऱ्या पोराचा पगार नाही, दुकानाचं भाडं नाही, आणि एकही रिटर्न धरलेला नाही.

शिवाय साइट तुमच्या पेमेंटमधून टीसीएस आणि टीडीएस कापते. टीसीएस १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्धा टक्का झाला, टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का. हा खर्च नाही, नंतर तुमच्याच खात्यात वळता होतो. पण ज्याचं भांडवलच दोन-तीन लाखांचं आहे, त्याला अडकलेला प्रत्येक रुपया जाणवतो.

रिटर्नबद्दल एकच किस्सा सांगतो. एक नवं कोरं ग्राइंडर परत आलं. खोका आमचाच, टेप वेगळी. उघडलं तर आत दुसऱ्याच कोणाचं तरी जुनं मशीन, आर्मेचर जळाल्याचा वास येणारं. फोटो काढून क्लेम टाकला. पॅकिंगचा व्हिडिओ मागितला. तो नव्हता. क्लेम गेला, मशीन गेलं, जाण्या-येण्याचं शिपिंगही गेलं. तेव्हापासून आमच्याकडे मशीनचा सिरीयल नंबर कॅमेऱ्याला दाखवल्याशिवाय खोका बंद होत नाही. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोरच उघडतो. साधा मोबाइल स्टँड पुरतो.

तुम्ही नक्की कोणाशी भांडताय?

आपल्याला वाटतं समोर एक अवाढव्य दुकानदार बसलाय. पण परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसला आपल्याकडच्या नियमांनुसार स्वतःचा माल ठेवून गिऱ्हाइकाला थेट विकता येत नाही. तिथे विक्रेते असतात. म्हणजे तुम्हाला जो अशक्य रेट दिसतो, तो एकतर कंपनीकडून किंवा इंपोर्टरकडून गाडीभर माल उचलणाऱ्या मोठ्या विक्रेत्याचा असतो, नाहीतर माझ्यासारख्या, हिशेब न केलेल्या माणसाचा. पहिल्याच्या खरेदीला तुम्ही पोचणार नाही. दुसरा सहा महिन्यांत बंद पडणार आहे, आणि तो बंद पडला की त्याच्या जागी तसाच दुसरा येतो. या दोघांच्या मध्ये उभं राहून मार खायचं काही कारण नाही.

मग छोट्यानं कुठे उभं राहायचं? माझ्या अनुभवानं सांगतो, जिथे गिऱ्हाईक "केवढ्याला?" विचारायच्या आधी "बसेल का?" विचारतं, तिथे.

कार्बन ब्रशनं शिकवलेला धंदा

आमचं दुकान कोल्हापुरात. इथल्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत एक चक्कर मारा. फौंड्रीत कास्टिंगची फेटलिंग करायला दिवसभर ग्राइंडर चालतात. हवेत लोखंडाची आणि वाळूची धूळ. ती मोटरमध्ये जाते, कार्बन ब्रश झिजतो, आणि एक दिवस मशीन गप्प बसतं. मशीनला काही झालेलं नसतं. बोटाच्या पेराएवढा कार्बनचा तुकडा संपलेला असतो. पण तो मिळाला नाही तर माणूस बसून, काम बसून.

मी ड्रिलच्या लिस्टिंग बंद करायच्या विचारात होतो, तेव्हा कणकवलीकडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचा फोन आला. गेटचं काम अर्धवट, ग्राइंडर बंद. त्यानं मोठ्या साइटवरून ब्रश दोनदा मागवले होते, दोन्ही वेळा बसले नाहीत. पहिल्या वेळी ब्रश जाड निघाला, दुसऱ्या वेळी माप बरोबर पण वरची टोपी वेगळी. त्याचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं, "दादा, पैशाचं राहू दे, बसणारा ब्रश दे."

मी त्याला जुना ब्रश स्टीलच्या फूटपट्टीशेजारी ठेवून फोटो काढायला सांगितला. एक फोटो वरून, एक बाजूनं, आणि तिसरा मशीनच्या नेमप्लेटचा. ब्रशची जाडी, रुंदी, स्प्रिंग कसली, वायर कुठून निघते, टोपी गोल की चौकोनी, एवढं कळलं की चूक व्हायला जागा कमी उरते. लांबीवर मात्र जाऊ नका, झिजलेला ब्रश आखूडच दिसणार. दुसऱ्या दिवशी पार्सल गेलं. बसला. मग त्याच माणसानं कटिंग डिस्क मागवल्या, मग वेल्डिंगचे ग्लोव्हज, मग त्याच्या मेव्हण्यानं नंबर घेतला.

मी त्या दिवशी विचार केला, त्याला ब्रश मोठ्या साइटवर मिळत होता. स्वस्तही होता. फक्त मशीन कुठलं, ब्रश कुठला, हे जुळवून सांगणारं कोणी नव्हतं. गोडाउन कितीही मोठं असू दे, ही जुळणी कोणीतरी बसून केल्याशिवाय होत नाही. ती करणं मला शक्य होतं. भांडवल लागणार नव्हतं, वेळ लागणार होता.

पुढचे तीन महिने मी दुपारी दुकान बाबांवर सोडून दोन मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे जाऊन बसायचो. चहा माझ्याकडून. त्यांच्याकडे दुरुस्तीला कुठली मशीनं जास्त येतात, त्यांत काय जातं, कुठला पार्ट कोणत्या मशीनला चालतो, हे वहीत लिहिलं. व्हर्नियर घेऊन मापं घेतली. पहिल्या वहीत चाळीस मॉडेल झाली. आमच्या ऑनलाइन दुकानाचा पाया म्हणजे ती वही. हे काम तुम्ही तुमच्या गावात करू शकता. नाशिकला असाल तर मशीन शॉपच्या लोकांकडे बसा, इचलकरंजीत असाल तर मागाच्या जॉबरकडे. कोकणात असाल तर सुतार आणि ग्रास कटर दुरुस्त करणारे.

एक अडचण लगेच येईल. ६० रुपयांच्या ब्रश जोडीवर शिपिंगही जवळपास तेवढंच. गिऱ्हाइकाला ते टोचतं आणि तुम्हाला उरत काही नाही. म्हणून आम्ही मॉडेलप्रमाणे सर्व्हिस किट केलं: ब्रशच्या दोन जोड्या, स्विच, दोन बेअरिंग, गिअर ग्रीस. ज्यानं मशीन उघडलंय, त्याला हे सगळं आज ना उद्या लागणारच असतं. बिल पाचशेच्या वर जातं आणि शिपिंग टोचत नाही.

बेअरिंगमध्येही हाच "बसेल का?" आहे. ६०७ आणि ६०८ हे नंबर दिसायला भाऊ-भाऊ. पण ६०८ चं आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. ६०७ चं भोक ७, व्यास १९, जाडी ६. पुसट झालेला नंबर वाचून माणूस चुकीचं मागवतो आणि रिटर्न तुमच्या गळ्यात पडतो. आमच्या पेजवर मापाचं चित्र टाकलं तेव्हापासून बेअरिंगचे रिटर्न जवळजवळ थांबले.

सेट तुम्ही बनवा

मोठ्या साइटवर १०० ड्रिल बिटांचा सेट मिळतो, त्यातले ऐंशी कोणी वापरत नाही. तुम्ही कामाप्रमाणे सेट बनवा. आटे पाडायचं उदाहरण घ्या. एम-८ चा टॅप मारायचा असेल तर आधी भोक ६.८ मिलिमीटरचं पाडावं लागतं. साध्या सेटमध्ये ६.५ असतो, ७ असतो, ६.८ नसतो. ६.५ मध्ये टॅप अडकून तुटतो, ७ मध्ये आटा पुरता धरत नाही. एम-६ ला ५, एम-१० ला ८.५, एम-१२ ला १०.२. ही मापं नेहमीच्या जाड आट्याची. टॅप आणि त्याचंच ड्रिल एका पाकिटात, वर मोठ्या अक्षरात माप. या सेटचा रेट कोणी दुसरीकडे ताडून बघत नाही, कारण तो तसाच्या तसा दुसरीकडे नसतो.

स्टेनलेस स्टीलचंही तेच. रेलिंगवाले पोरं साधा एचएसएस बिट फुल स्पीडला लावतात, भोक निळं पडतं, बिट जळतो, आणि मग "माल डुप्लिकेट आहे" म्हणून फोन. आम्ही कोबाल्ट बिट, छोटी कटिंग ऑइलची बाटली आणि एक चिठ्ठी पाठवतो: ८ मिलिमीटरच्या बिटला साधारण ४०० ते ५०० फेरे, दाब जास्त, स्पीड कमी, तेल सोडत राहा. चिठ्ठीचा खर्च काही पैसे. तक्रारी मात्र बऱ्याच कमी झाल्या.

किट किंवा सेट स्वतः पॅक केला की कायद्यानं तुम्ही पॅकर होता, हे लक्षात ठेवा. पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, आत काय आणि किती नग, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं लागतं, आणि वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीही. इंपोर्टेड माल असेल तर कुठल्या देशातला आणि इंपोर्टर कोण, हेही. किचकट वाटतं, पण एकदाचं काम आहे.

गिऱ्हाईक जे बोलतं ते लिहा

आमच्या पहिल्या लिस्टिंग कंपनीच्या कॅटलॉगमधून कॉपी केलेल्या होत्या. दुकानात येणारा माणूस मात्र "कानस द्या" म्हणतो, "पक्कड", "पाइप पाना", "गिरमिट", "रंध्याचं पातं" म्हणतो. फोनमध्ये बोलून शोधतानाही तो हेच बोलतो. आम्ही प्रत्येक वस्तूच्या नावात कंपनीचं नाव आणि हे बोलीतलं नाव, दोन्ही घातलं. मग "ग्राइंडर चालू होत नाही", "ड्रिल मशीनमधून ठिणग्या येतात" अशा विषयांचे दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढले. स्टुडिओ नाही, काउंटरवरच. ब्रश बदलायचा व्हिडिओ बघून पार्ट मागवणारा माणूस भाव करत नाही. त्याला कळलेलं असतं की या माणसानं मशीन उघडून बघितलंय.

आपली गुगलवरची दुकानाची नोंद फुकट असते, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग फुकट असतो, बँक खात्यातून आलेल्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला चार्ज नाही. पहिल्या वर्षी स्वतःच्या वेबसाइटवर पन्नास हजार घालवायची गरज नाही. मी घालवले. ती साइट आता कोणी उघडत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीचं माझं मत कडक आहे. स्पेअर पार्टला देऊ नका. घेणारा घरी नाही, पार्सल परत, दोन्ही बाजूचं भाडं तुमच्या डोक्यावर. ज्याचं मशीन खरंच बंद आहे तो आधी पैसे देतो.

खोक्याचं वजन

हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. कुरियर वजन काट्यावरचंही बघतो आणि खोक्याच्या मापावरूनही काढतो, आणि जे जास्त भरेल ते लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात. एक रिकामी प्लॅस्टिक टूलबॉक्स, ४५ बाय ३५ बाय २० चा खोका. काट्यावर दीड किलो. हिशेबानं ६.३ किलो. टूलबॉक्समध्ये काही भरलं नसेल तर तुम्ही हवा पाठवताय आणि भाडं लोखंडाचं भरताय. म्हणून ऑनलाइनला छोटं, जड आणि नेमकं सामान बरं. बिट, टॅप, ब्रश, बेअरिंग, डिस्क. टूलबॉक्स, शिडी, घमेली काउंटरवरच ठेवा.

नवीन असाल तर

जीएसटी नंबर नसताना ऑनलाइन विकता येतं का, हे खूपजण विचारतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून थोडी सवलत आहे. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि फक्त महाराष्ट्रातच विकणार असाल, तर जीएसटी रजिस्ट्रेशनशिवाय मार्केटप्लेसवर विकता येतं. पोर्टलवर नोंद करून एक नंबर मात्र घ्यावा लागतो. पण टूल्सच्या धंद्यात मी तरी जीएसटी नंबर घ्याच म्हणेन. वर्कशॉपवाल्याला त्याच्या नंबरचं बिल लागतं, १८ टक्क्यांचं क्रेडिट तो सोडत नाही. आणि बेळगाव-निपाणीचं गिऱ्हाईक आमच्यासारख्या सीमेवरच्या दुकानाला परराज्यातलं असलं तरी घरचंच असतं.

मार्केटप्लेस पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. आमचे सेट आणि किट तिथेही आहेत, भाव आमचा. फक्त जिथे आपला रेट दुसरं कोणीतरी ठरवतं, अशा वस्तू तिथे नाहीत.

आणि काही ऑर्डर नाकाराव्या लागतात. चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर पाच इंची डिस्क किंवा लाकूड कापायचं दातेरी पातं बसवणारे लोक आहेत. चार इंची डिस्कचं भोक १६ मिलिमीटर, पाच इंचीचं २२.२३, म्हणून मध्ये वॉशर मागतात. "तेवढं वॉशर पाठवा की." आम्ही पाठवत नाही. पातं लाकडात अडकलं तर मशीन हातातून उसळतं आणि ते पोटाकडे किंवा मांडीकडे येतं. एकजण माझ्यावर चिडून दुसरीकडून घेऊन गेला. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पण त्या बिलावर माझ्या दुकानाचं नाव नाही, एवढं बरं वाटतं.

ड्रिल मशीन आजही आमच्या काउंटरवर आहे. समोर चालवून बघायला मिळतं, म्हणून लोक घेतात. ऑनलाइन कोणी रेट विचारला तर सरळ सांगतो, तिकडे स्वस्त मिळेल, तिकडून घ्या. अधिकृत विक्रेता आणि वॉरंटी तेवढी बघून घ्या. परवा अशाच एकाचा दीड वर्षानं मेसेज आला. मशीन तिकडूनच घेतलेलं, आता बंद पडलंय, सोबत ब्रशचा फोटो. फोटोत फूटपट्टी नव्हती. पट्टी ठेवून परत पाठव म्हटलं.